राणीची आंघोळ

समोरच्या गच्चीत देसाईकाका त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला, राणीला, आंघोळ घालत होते. आधी कडुलिंबाचं पाणी, मग दिवाळीतलं उरलेलं उटणं. पंच्याच्या टोकाने त्यांनी तिचे कान पुसले आणि अंग वाळेपर्यंत तिला उन्हात धरून बसले.

"परत आंघोळ?" मी कठड्यावरून विचारलं.

"सूनबाईंना वास येतो. आता जिन्याखाली बांधा म्हणतात."

म्हातारपणाला स्वतःचा एक वास असतो. तो धुतल्याने जात नाही, चार दिवस दबतो एवढंच.

राणीची मान हुंगून काकांनी समाधानाने मान हलवली. मग इकडेतिकडे बघत स्वतःच्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली, आणि वाटीत राहिलेलं उटणं हळूच आपल्या गळ्याला चोळलं.