निमरच्या हातची कॉफी

हाज मुतलक कसे चालतात ते मी हुबेहूब करून दाखवते, पण फक्त स्वयंपाकघरात आणि फक्त माझ्या मावशीसमोर, तमाम तिचं नाव. डावा पाय पुढे, उजवा ओढत, आणि मध्येच एक खाकरणं. खाकरणं महत्त्वाचं. त्याच्याशिवाय ते कुणाचंही लंगडणं वाटेल. मावशी हसते आणि लगेच ओढणीत तोंड खुपसते, कारण हाज तिचे सासरे.

त्या पायाची गोष्ट सगळ्या कराक गावाला पाठ आहे. एका ट्रकवाल्याने हाजना उडवलं होतं. मग त्याच्या कुळातली माणसं जाहा घेऊन आली, म्हणजे चार गावचे मोठे लोक पुढे घालून माफी मागायला. कडू कॉफी समोर आली, तसा त्यांच्या म्होरक्याने पेला खाली ठेवला : मागणं मान्य केल्याशिवाय ओठाला लावणार नाही. आणि हाज, पाय प्लास्टरमध्ये, दोन्ही हात पसरून म्हणाले, "प्या तुमची कॉफी! हा पाय मी अल्लाहला दिला, आणि तुम्हाला दिला!" भरपाई नको, पोलीस नको, काही नको. ते अजून ही गोष्ट लग्नात सांगतात, मयताला सांगतात, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना सांगतात.

मावशीला मात्र गोष्टी सांगायला सवड नसते. ती जमीद करते. मेंढीच्या दुधाचं दही घुसळून, कापडात टांगून, मीठ घालून मळायचं, मुठीएवढे गोळे वळायचे आणि गच्चीवर वाळत टाकायचे. ते वाळून दगडासारखे होतात. आमचं मन्साफ, म्हणजे सणासमारंभाचं मटण आणि भात, त्याच्याशिवाय शिजत नाही. तिचे हात मनगटापर्यंत कायम पांढरे. नवरा अकाबाच्या रस्त्यावर टँकर चालवतो आणि फोनवर सगळ्यांनाच "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणतो. बायकोलाही आणि बापालाही.

मावशीचा धाकटा, निमर, पोटात असताना तिला साखर झाली होती. थोरली मुलगीसुद्धा भलीमोठी होती, तिचाही खांदा येताना अडकला होता. हे तिने डॉक्टर रुश्दींना प्रत्येक खेपेला सांगितलं. डॉक्टर रुश्दींची नक्कल सोपी आहे. चष्मा कपाळावर, नजर मोबाईलवर, आवाज नाकातून : "नॉर्मल, बाई, सगळं नॉर्मल. शेवटची सोनोग्राफी कशाला? तुझ्या आईने नऊ काढली ना? मग!"

प्रसूतीच्या वेळी डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. मावशी म्हणते, त्या खोलीत सगळे एकदम ओरडायला लागले, आणि डॉक्टरांनी पोराचं डोकं धरून ओढलं. पुन्हा ओढलं. पोरगं आलं, रडलंही. पण उजवा हात ओल्या बाहीसारखा लोंबत होता.

"लचकलाय. चाळीस दिवसांत हलेल. नॉर्मल."

आमच्याकडे बाळाला खांद्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळतात, मग ते पावासारखं दिसतं. गुंडाळलेल्या पोराचे दोन्ही हात सारखेच गप्प असतात. बघायला येणारी प्रत्येक बाई "माशाल्लाह, काय शांत पोर!" म्हणून साखरफुटाणे खाऊन जायची. चाळीस दिवस उलटले, गुंडाळणं सुटलं आणि एकच हात हवेत नाचायला लागला. डॉक्टर म्हणाले, थांब. थांबता थांबता पोरगं चालायला लागलं.

शेवटी मावशीने त्याला अम्मानला व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे नेलं. मीही होते. त्या बाईने निमरचा दंड हळूच उचलला, सोडला, आणि फाईल न बघताच विचारलं, "जन्मताना ओढलं होतं का?" मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणून तुटल्या होत्या. पहिल्या काही महिन्यांत आणलं असतं तर नसांवरच शस्त्रक्रिया करता आली असती. आता दुसरीकडचा स्नायू फिरवून आणायचा आणि मग वर्षानुवर्षं व्यायाम. हात पूर्ण वर जाईल असं कुणी सांगणार नाही.  पुढच्याच आठवड्यात मावशीने डॉक्टरांच्या चुका तपासणाऱ्या समितीकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि भरपाई मागितली.

आणि मग जाहा आली. म्हणजे आधी निरोप आला : डॉक्टर रुश्दींच्या वतीने शेख अबू हायिल शुक्रवारी कॉफीला येतायत.

हाज त्या बातमीने दहा वर्षांनी तरुण झाले. खुर्च्या मागवल्या. मिशीला रंग लावला. शुक्रवारी सकाळी ते खाकरत स्वयंपाकघराच्या दारात आले. "पोरी, आज तुझ्या घराची मान उंच होणार."

मावशी दही मळत होती. "काका, तुम्ही काय बोलणार त्यांना?"

"जे माझा बाप बोलला असता ते. प्या म्हणणार."

"म्हणजे तक्रार मागे."

"मग काय, कॉफी पाजून कोर्टात ओढू? उद्या लोक म्हणतील, मुतलकने नातवाचा हात विकून खाल्ला!"

"लोक येतील का अम्मानला, व्यायामाला घेऊन जायला?"

"बघ, बघ कशी बोलते!" हाजनी माझ्याकडे बघून दाद मागितली. मी कोथिंबिरीत डोकं घातलं. "मी माझा पाय दिला की नाही? हिशोब केला का?"

मावशीने हात थांबवले. "दिलात. तो तुमचा होता. लंगडता तुम्ही, अभिमानही तुम्हीच मिरवता. हा हात तुमचाही नाही काका, माझाही नाही. ज्याचा आहे त्याला अजून चड्डीची गाठ बांधता येत नाही."

हाज न खाकरता निघून गेले. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर माणसं आली. बैठकीची खोली भरली, बाहेर चपलांचा ढीग. आम्ही बायका शेजारच्या खोलीत, दार किंचित किलकिलं. डॉक्टर रुश्दी कोपऱ्यात बसले होते. आज चष्मा डोळ्यांवर, मोबाईल खिशात. पेला आला आणि शेख अबू हायिलनी तो समोर खाली ठेवला. त्यांचा आवाज मोठ्या हंड्यात बोलल्यासारखा येतो, आणि हाजना ते थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात : "अबू खालिद! आम्ही तुझ्या उंबऱ्यावर आलोय. पोराच्या बाबतीत जे झालं ते अल्लाहने लिहिलेलं होतं. डॉक्टर आपलाच मुलगा. तू कोण आहेस ते आम्हाला ठाऊक आहे. तुझा पाय ठाऊक आहे!"

खोलीभर मान्यतेचे हुंकार. हाजचे हात गुडघ्यावरून उचलले गेले. पसरणार होते. मी मावशीचा दंड धरला.

दार मावशीने उघडलं. पायाने, कारण हात दह्याने भरलेले होते. "जा, आजोबांकडे जा," ती म्हणाली, आणि निमर तुरुतुरु आत गेला.

त्याला आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला खजुराचं ताट दिसलं. शेख खूश झाले. "या, या, वाघोबा या!" निमर म्हणजे वाघच. त्यांनी एक खजूर उचलून पुढे धरला. निमरने डावा हात काढला.

"अंहं!" शेखनी खजूर मागे घेतला, सवयीने, आपण सगळेच पोरांना करतो तसा; कोणता हात ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "पुरुष उजव्या हाताने घेतात. उजवा कुठाय तुझा?"

निमरला हा खेळ माहीत होता. घरात रोज चालतो. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटापाशी धरला, बाजारातून आणलेल्या पिशवीसारखा उचलला आणि शेखच्या पुढे नेऊन ठेवला. बोटं उघडेनात, तेव्हा डाव्या हाताने तीही एकेक उघडली. मग वाट बघत उभा राहिला.

शेखनी खजूर त्या तळव्यावर ठेवला.  

हाजचे हात गुडघ्यावर परत आले होते. ते खाकरले. "शेख, तुमच्या पायाची धूळ माझ्या डोक्यावर. माझ्या वाट्याचा राग मी सोडला. डॉक्टरच्या घरावर आमच्यातला कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही, हा माझा शब्द." डॉक्टरांचे खांदे सैल झाले. "पण हात माझा नाही. ज्याचा आहे तो हा इथे उभा आहे. तो मोठा झाला की या आणि त्याच्याकडे मागा. त्याने म्हटलं प्या, तर प्या. तोवर त्याच्या आईची तक्रार जिथे आहे तिथेच राहील."

"अबू खालिद, आम्ही कॉफी न पिता उठायचं?" शेखचा हंडा एकदम घागर झाला.

"उठायचं," हाज म्हणाले. 

चपलांचा ढीग गुपचूप ओसरला. डॉक्टर सगळ्यांत शेवटी निघाले. दाराशी थांबून, किलकिल्या फटीकडे न बघता, आणि नाकातून नाही, ते म्हणाले, "निमरच्या आई, मी ओढायला नको होतं."

मावशी फटीमागूनच बोलली. "हेच समितीपुढे सांगा."

त्यांनी सांगितलं का? वकील बरोबर असताना माणसं वेगळी बोलतात. त्यांनी गोल गोल सांगितलं. पण शेवटची सोनोग्राफी झालीच नव्हती आणि मावशीने प्रत्येक खेपेला काय बजावलं होतं हे दोन नर्सनी सांगितलं, तेव्हा समितीने चूक डॉक्टरांची ठरवली. भरपाई मिळायला मात्र निमरचे दुधाचे दात पडायची वेळ आली. तोवर शस्त्रक्रियेसाठी मावशीने मेंढ्या विकल्या आणि दुसऱ्यांच्या मेंढ्यांच्या दुधाचे जमीद वळले. हाजना काही लोकांनी वर्षभर लग्नाला बोलावलं नाही. ते न्हाव्याकडे जास्त वेळ बसायला लागले.

आता ते पायाची गोष्ट सांगत नाहीत, हाताची सांगतात. त्यांच्या गोष्टीत मावशी दही मळता मळता रडते आणि ते म्हणतात, "रडू नको पोरी, हात काही माझा नाही!" हे मी मावशीला करून दाखवलं, तेव्हा ती इतकी हसली की दह्याचा गोळा निसटला.

निमरचा हात छातीपर्यंत येतो. त्याच्या वर नाही. पण त्याने गोष्ट ऐकलीय, आणि लोक आपल्याकडे मागायला येणार आहेत हे त्याने फार मनावर घेतलंय. रोज संध्याकाळी तो कॉफी वाढायचा सराव करतो. किटली डाव्या हातात, पेला उजव्यात, आमची रीत असते तशी. किटलीत पाणी.

"डॉक्टर कधी येणार?" तो विचारतो.

"येतील," हाज म्हणतात. "काय सांगशील?"

"अजून ठरवलं नाही."

हाज खुर्चीवर बसत नाहीत मग. दुखता पाय लांब करून जमिनीवरच बसतात, पेला त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून. निमर दात आवळून हात पुढे करतो, अर्धं पाणी हाजच्या कपड्यावर सांडतं, आणि हाज उरलेलं घोट घोट करून पितात.