बिनकलईचं पातेलं

सून मोरीत बसून उलट्या करत होती. मुलगा अंगणात भिंतीला धरून ओकत होता. माझी नणंद, अमळनेरहून चार दिवसांसाठी आलेली, पोट दाबून पायरीवर बसली होती आणि मधल्या वेळात ओरडत होती, "बठ्ठासले मारी टाकी हाई. इले तिना देशले धाडी दे." म्हणजे सगळ्यांना मारून टाकील ही, हिला हिच्या देशात धाडून दे.

मलाही मळमळत होतं, पण त्या बाईचा आवाज ऐकून जास्त पित्त उसळलं.

सून फिलिपिन्सची. मुलगा दुबईला हॉटेलात होता, तिथे ही भेटली. नोकऱ्या सुटल्यावर दोघं पिंप्राळ्याला माझ्याकडे आले. सहा महिने तिनं मुकाट्यानं भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. मग म्हणाली, मी आमचा अडोबो करते. कोंबडी, लसूण, मिरे, तेजपान, काळा सोया सॉस आणि वाटीभर व्हिनेगर. त्यात आधी मुरवायचं, मग त्यातच शिजवायचं.

तिनं स्टीलचं मोठं पातेलं मागितलं. मी दिलं नाही. आमच्याकडे मांस मागच्या अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात करतात. ते भांडं म्हणजे सासूच्या वेळचं पितळी पातेलं. मी तेच तिच्यापुढे आदळलं.

त्याची कलई कधीच उडाली होती. गल्लीत कलईवाला येईनासा झाला तेव्हापासून. पण आमच्या काळ्या मसाल्याच्या रश्शात आंबट काही नसतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. बिनकलईच्या पितळेत ताक ठेवू नये, चिंच घालू नये, कळकतं, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. त्याला शाळा लागत नाही. तरी सकाळपासून ती कोंबडी त्यात मुरत होती आणि मी शेजारी बसून लसूण सोलून देत होते.

दवाखान्यात चौघांना सलाइन लावलं. डॉक्टरनं विचारलं, कशात शिजवलं होतं? मुलगा बायकोकडे बघायला लागला. ती माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाली, "मैंने स्टील का माँगा था." एवढंच. मी छताकडे बघत पडले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

घरी आलो तर नणंद पुन्हा सुरू. "हिला चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही. तिकीट काढ हिचं." मुलगा खाली मान घालून ऐकत होता. दुबई पाहून आलेला माणूस, आत्यापुढे जीभ उचलेना. सून आत बॅग भरत होती. कपड्यांच्या घड्यासुद्धा नीट घालत होती, म्हणजे खरंच जाणार होती.

मी मागे गेले आणि पातेलं आणून नणंदेच्या पुढ्यात टाकलं. जिथवर रस्सा होता तिथवर आतून लख्ख पिवळं, वर काळं. तळाला हिरवट ओघळ.

"अक्का, हे मी दिलं तिला. कलई नाही त्याला. विष झालं ते माझ्यामुळे."

"सुनेची बाजू घेतेस, वहिनी?"

"बाजू कसली? भांडं बघा."

तिनं बघितलं. अमळनेरची बाई, तिला कळलं. तरी म्हणाली, "पण कोंबडीत इतकं आंबट घालतं का कोणी?"

"त्यांच्यात घालतात. तुमच्यात चूक कबूल करत नाहीत, तसं."

नणंद दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली. मुलाला मी सांगितलं, आज जसा गप्प बसलास तसा पुन्हा बसलास तर तूही जा. सुनेपुढे स्टीलचं पातेलं ठेवलं. तिनं बॅग उपसली, पण माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. बरोबर केलं. नवव्या दिवशी तिनं अडोबो केला, घरात, गॅसवर. मी दोनदा वाढून घेतला.

पितळी पातेलं मोडीत घातलं. त्यातलं त्या दुपारी चार जणांनी खाल्लं होतं: मी, मुलगा, नणंद आणि सर्वात जास्त सुनेनं. चौघंही जगलो.