बाटलीचा वास

आमच्या इंदापूर-बारामती गाडीवरच्या कंडक्टर बाईंना मी चार वर्षं रोज बघते. मी निमगाव केतकीला चढते, बारामतीला उतरते. नाव कधी विचारलं नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बरं का'वर संपतं. "मागं सरका, बरं का." भांडतानासुद्धा तसंच. आणि पाणी पिण्याआधी त्या बाटली नाकाशी धरतात. स्वतः घरून भरून आणलेली बाटली, तरी आधी वास घेतात, मगच घोट. मला त्याचं हसू यायचं.

परवा गाडी बरीच रिकामी होती. मी पाणी प्यायले, तेवढ्यात त्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, घरात कोण पितं?"

'बरं का' नव्हतं. नवऱ्याचं पिणं मी माहेरीसुद्धा सांगितलेलं नाही.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मीबी आदी असंच म्हनायची. आमचं मालक पान्याच्या बाटलीत दारू लपवायचं. तवापासनं ही खोड लागली. तुमीबी आत्ता बाटली हुंगलीत." मग म्हणाल्या, "बारामतीत दर बुधवारी बैठक असती, मी जाते. पिनाऱ्यांची न्हाय. आपली, घरच्यांची."

स्टँड आलं तशा त्या उठल्या. मी बाटलीचं झाकण लावत होते, ते काही केल्या बसेना. बाटली मी कधीपासून हुंगते, मला माहीतच नव्हतं.