घरात शिरण्याआधी

१९७०च्या सुमारास, नक्षलवादी तरुणांची धरपकड चालू असताना, कलकत्त्याच्या बालीगंज भागात जो तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध मुसलमान शिक्षकांकडे अनोळखी तरुण येत. मी पडद्याआडून पाहत असे, आणि साध्या वेशातल्या पोलिसाने विचारताच सगळं सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी झडतीला पोलीस आले. शिक्षक दारात उभे राहिले.

"आधी परवानगी मागा. माझ्या घरावरचा हक्क अल्लाने दिलाय. सरकारने दिलेलाच नाही, तर सरकार काढून कसा घेणार?"

अधिकारी घुटमळला, मग त्याने परवानगी मागितली. आत उर्दू शिकायला आलेले विद्यार्थी तेवढे सापडले.

"पोलिसांना कुणी सांगितलं असेल?" शिक्षकांनी नंतर मला विचारलं.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

त्यांना माझा संशय आला होता का, हे मला कधीच कळलं नाही. मी मात्र त्यांची नजर टाळू लागले.