पालखीला आमच्या घराचा खांदा

चूक माझीच. चाकणच्या आमच्या कंपनीत नवीन मशीन बसवून द्यायला परदेशातून दोन पाहुणे आले होते, एक उंच बाई आणि तिचा अबोल सहकारी. रविवारी त्यांना इथलं काहीतरी दाखवा, असं वरून फर्मान आलं. कुणी किल्ला सुचवला, कुणी मॉल. मी छाती काढून म्हणालो, "आमच्या गावी भैरवनाथाची यात्रा आहे." साहेब खूश झाले. "घेऊन जा, पण त्यांना एक मिनिट एकटं सोडू नका," म्हणाले. असा मी आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण त्याच दिवशी मला पालखी उचलायची होती. पुढून उजवा खांदा आमच्या घराचा, हा पिढ्यानपिढ्यांचा मान. घरातलं कुणी हजर नसलं तर तो पुढच्या घराला जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. वडिलांचा गुडघा गेला तेव्हा त्यांनी मला आकुर्डीच्या फ्लॅटवर फोन केला होता. "औंदा तू. माज्याच्यानं आता व्हायचं न्हाई." खांदेकऱ्याने उपास धरायचा आणि अनवाणी चालायचं, म्हणून मी सकाळपासून पाण्यावर होतो. पाहुण्यांना सावलीत बसवायचं आणि आपण पालखीला लागायचं, इतका सोपा बेत.

गाडीतून उतरतो न उतरतो तोच यात्रा कमिटीने गाठलं. परदेशी पाहुणे म्हटल्यावर सत्कार आलाच. आमच्याकडे सत्कार नको म्हणणं म्हणजे गावाचा अपमान, आणि एकदा सुरू झालेला सत्कार आटोपणं कुणाच्याच हातात नसतं. तिघांनाही स्टेजवर नेलं, फेटे बांधले आणि मला दोघांच्या मधल्या खुर्चीत बसवलं. माईक सरपंचाच्या हातात. हा शाळेत माझ्या बाकावर बसायचा, एरवी 'भावा'शिवाय हाक मारत नाही. त्या दिवशी मी त्याचा साहेब झालो होतो.

त्याचं प्रत्येक वाक्य मी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं. शेतीपासून बायपासपर्यंत तो सगळीकडे फिरून आला. आधी मला गंमत वाटली. मग देवळाकडून संबळ ऐकू आला, म्हणजे पालखी सजली होती. मी त्याचा सदरा ओढला. "अरे, मला खांद्याला जायचंय."

"बसा की साहेब," माईकवर हात ठेवून तो म्हणाला. "तुमचा सत्कार राहिलाय अजून. आन् तुमी गेल्यावर ह्यांच्याशी बोलायचं कुनी?"

तेही खरंच होतं. मी जरा उठायला लागलो की बाई घाबरून माझ्याकडे बघायची. साहेबांचं वाक्य कानात होतंच. शेवटी मी खुर्चीखाली बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि अनवाणी पाय सतरंजीवर टेकवून बसून राहिलो. संताप होत होता. सरपंचाचा, कंपनीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

संबळ जवळ आला. गुलालाच्या धुरळ्यातून पालखी मंडपासमोर येऊन थांबली. पुढच्या दांडीखाली, उजवीकडे, वडील होते. धोतराखाली गुडघ्याचा पट्टा दिसत होता. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे, मग माझ्या फेट्याकडे, आणि खांदा सावरून पुन्हा समोर बघू लागले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाई माझ्या कानाशी वाकली. इतक्या म्हाताऱ्या माणसाला कशाला उचलायला लावतात, तिने विचारलं. मी तिला घराण्याचा मान म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं.

"मग त्यांना मुलगा नाही का?"

"आहे," मी म्हणालो. "कामावर आहे."

तिने मान डोलावली आणि वडिलांचा फोटो काढला. संध्याकाळी तो तिने मलाही पाठवला. वडिलांना मी तो अजून दाखवलेला नाही.