बाई उठतात

पटकथेत त्या प्रसंगासाठी दोनच शब्द लिहिले होते. बाई उठतात. पडद्यावरचा वेळ, चार सेकंद.

चार सेकंदांत असं काय मोठं, असं ज्याला वाटेल त्याने हातात पेन्सिल धरून ते काढून बघावेत. रेघाताईचे त्यात सात आठवडे गेले. एकेक सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस, आणि ती एकदा नव्हे, पाच वेळा.

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण स्टुडिओत कुणी ते घेत नसे. रेघ जरा वाकडी गेली की अख्खा कागद बाजूला सारायची तिची खोड, त्यावरून कुणीतरी रेघाताई म्हटलं आणि तेच चिकटलं. बावन्न वर्षांची बाई. चोवीस वर्षं त्याच स्टुडिओत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून, काचेखाली दिवा असलेल्या टेबलाशी बसत आलेली. मोठ्या कंपन्या जपानी धाटणीच्या अ‍ॅनिमे मालिका काढत आणि त्यातली हालचाल भरायचं काम या स्टुडिओकडे येई. इतकी वर्षं रेघाताईने इतरांच्या दोन चित्रांच्या मधली चित्रं काढली होती. हा प्रसंग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा होता.

मालिका अंतराळातली. कोवळी पोरं यंत्रमानवांत बसून लढतात, आणि ती जिथून झेपावतात त्या तळाची दारं उघडायचं-लावायचं काम एका सत्तेचाळीस वर्षांच्या बाईकडे असतं. स्टुडिओत सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. या मोठ्या बाईंनी तरुणपणी चार वर्षांची लेक आईच्या पदरात टाकून दूरच्या ग्रहावरची नोकरी धरलेली. का, ते मालिका सांगत नाही. तीच लेक आता त्यांच्या हाताखाली आहे आणि कामापुरतं बोलते. अठराव्या भागात लेकीचं यान मागे राहतं, शत्रू अंगावर येतो, आणि तळावरची तीनशे माणसं वाचवायला मोठ्या बाई दार लावून घेतात. लेक बाहेर. मग त्या खुर्चीत बसतात. आणि मग उठतात.

रेघाताईला ही बाई कधी धड आवडली नाही, आणि तिच्यावरून नजरही हटली नाही.

पहिले चार दिवस तिने नुसत्या अंदाजाने काढलं. कागद भराभर उलटून बघितले तर बाई स्प्रिंग लावल्यासारख्या उभ्या राहत होत्या. रेघाताई चिडली, कागद कपाटात कोंबले आणि घरी आली.

घरी तिची थोरली जाऊ होती. रेघाताईचा नवरा फिरतीच्या नोकरीचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दीर जाऊन सहा वर्षं झालेली, पुतण्या नोकरीने परगावी. तेव्हा दोन जावा आणि तीन खोल्या, असा संसार. जाऊबाई चौसष्टच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर बसून डब्यांची झाकणं पुसत होत्या. झाकणं संपली आणि त्या उठल्या.

रेघाताई दारातच थबकली. आधी उजवा हात टेबलाच्या कडेवर गेला. मग काहीच झालं नाही, जणू हाताने अंगाला विचारलं आणि अंग विचार करतंय. मग कंबर निघाली, त्यामागून पाठ. चेहरा मात्र कोरा. पूर्ण उभं राहिल्यावरच त्यांनी श्वास सोडला.

"वहिनी, परत एकदा बसा."

"आत्ता तर उठले."

"तेच. परत उठा."

"मी काय सर्कशीतली आहे का गं?" असं म्हणत जाऊबाई बसल्या. रेघाताईने फोनवर चित्रण घेतलं, समोरून, बाजूने, पाठीमागून. अकराव्या वेळी जाऊबाई म्हणाल्या, "आता गुडघा तुझ्या ऑफिसला पाठवते, मला सोड." मग चहा घेताना त्यांनी विचारलं की हे सगळं कशासाठी, आणि रेघाताईने अठरावा भाग सांगितला.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दार लावताना ती बाई मागे बघते?"

"नाही."

"बरोबर आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

रेघाताईने पुढे विचारलं नाही. या घरात ते विचारायची रीतच नव्हती. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी जाऊबाई सहा वर्षांचा मुलगा मागे ठेवून निघून गेल्या होत्या. अकरा महिने पत्ता नाही. त्या अकरा महिन्यांत पोराचे डबे, दुखणी, पाढे, सगळं नव्या नवरीने केलं. शेवटी शेवटी तो तिला आई म्हणू लागला होता. मग एका दुपारी जाऊबाई परत आल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि मोरीत पडलेली भांडी घासायला बसल्या. कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोराने रेघाताईला पुन्हा काकू म्हणायला सुरुवात केली. तिला स्वतःला मूल झालं नाही.

नऊ दिवसांत अठ्ठेचाळीस चित्रं झाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिला एकही कागद बाजूला सारावासा वाटला नाही. तिने ती सुपरवायझरकडे दिली. सुपरवायझर चौतीस वर्षांचा होता. स्टुडिओत आला तेव्हा त्याला माणसाचे पंजे काढता येत नव्हते, ते रेघाताईनेच त्याला शिकवले होते.

तीन दिवसांनी चित्रं परत आली. वर चिठ्ठी: फार थकलेल्या वाटतात, हलकं करा.

"तीस तास जागी आहे ती," रेघाताई म्हणाली. "पोटची पोर बाहेर ठेवून दार लावलंय. थकणार नाही तर काय नाचेल?"

"ताई, मला पटतं हो. पण वरून आलंय."

वरून म्हणजे नेमकं कुठून, हे रेघाताईला कधीच कळलं नव्हतं. तिने हलकं केलं. दुसरी चिठ्ठी आली: हात टेबलावर टेकवू नये, म्हातारपण दिसतं. तिने हात काढला. तिसरी आली: डोळ्यांत पाणी हवं, नाहीतर प्रेक्षकांना बाई निर्दय वाटेल.

"वाटू दे की," ती म्हणाली. "आहेच ती थोडी निर्दय."

"ताई, वरून..."

"वरच्यांना कळव, की काढणारीचं म्हणणं असं असं आहे. लिहून कळव."

"कळवतो," तो म्हणाला.

चौथ्या खेपेला मोठ्या बाई डोळ्यांत टपोरे थेंब घेऊन, हात न टेकता, कॉलेजातल्या पोरीसारख्या उठल्या. पाचव्यांदा फक्त केसांची बट बदलायची होती. ती बट काढताना रेघाताईच्या हातून पेन्सिलीची दोन टोकं मोडली.

मग एके दिवशी सुपरवायझर तापाने घरी राहिला आणि मॅनेजरने तिला त्याच्या टेबलावरचे कागद स्कॅन करायला सांगितले. त्या गठ्ठ्यात वरून आलेले मूळ शेरे होते. तिने आपला प्रसंग शोधला. पहिल्या वेळच्या तिच्या चित्रांसमोर दोनच खुणा होत्या. टेकवलेल्या हाताशी एक प्रश्नचिन्ह, आणि खाली: अश्रू? बोलू या.

बस. हलकं करा नाही, म्हातारपण नाही, निर्दय नाही. ते सगळं खालच्या खालीच शिजलं होतं.

तो परत आला त्या दिवशी तिने तो कागद त्याच्यासमोर ठेवला. "बोलू या, असं लिहिलंय. बोललास?"

"नाही."

"का?"

"विचारलं की त्यांना कळतं, याला यातलं समजत नाही. म्हणून काय हवं असेल ते मीच ताडतो आणि आधीच करून पाठवतो. आजवर निभावलं."

"आणि माझं म्हणणं? ते कळवलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

रेघाताईला त्याला चांगलं झापायचं होतं. पण समोर पंजे काढता न येणारा तोच माणूस बसला होता, तसाच पडेल चेहरा करून, आणि त्या चेहऱ्याने तिचा राग धड बाहेरही येऊ दिला नाही. "पहिली चित्रं परत पाठव आता," ती म्हणाली.

"ताई, पाचवं रंगवून झालं. परवा जातंय ते."

ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजरने सहानुभूतीने ऐकून घेतलं, तारखा दाखवल्या आणि म्हणाला, तुमच्या कामाचं वरून कौतुकच आहे. निदान त्या भागाच्या नामावलीतून माझं नाव काढा, असं तिने म्हटलं, तर तसा अर्ज कुठे करायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अठरावा भाग लागला तो सुटीच्या दिवशी दुपारी. दोघी जावा टीव्हीसमोर बसल्या. मोठ्या बाईंनी दार लावलं, बसल्या, डोळे भरून आले, उठल्या.

"छान काढलीस गं," जाऊबाई म्हणाल्या. "गोड दिसते."

"छान नाहीये, वहिनी." रेघाताईने फोन काढला आणि पहिल्या अठ्ठेचाळीस चित्रांची, नुसत्या पेन्सिलीतली, चाचणीफीत त्यांच्या हातात दिली. "हे माझं होतं."

जाऊबाईंनी बघितली. पुन्हा लाव म्हणाल्या. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

"हे कुणी कुणी बघितलं?"

"सुपरवायझरने आणि वरच्या एकदोघांनी. टीव्हीवर आलंच नाही ना."

"बरं झालं."

रेघाताईचा पाराच चढला. सात आठवडे स्टुडिओत गिळलेलं सगळं भलत्याच वाटेने बाहेर पडलं. "अकरा महिने कुठे होतात तुम्ही?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. जाऊबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"एका दवाखान्यात. चादरी धुवायचं काम करत होते."

"पण गेलात का?"

"ते मला सांगता आलं असतं तर गेलेच नसते."

"आणि परत का आलात?"

"तेही तसंच." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "तू पोराला छान सांभाळलंस. हे तुला आधीच म्हणायला हवं होतं. जमलं नाही."

रेघाताईला एवढ्याने पुरणार नव्हतं. तिला उत्तर हवं होतं, आणि जे मिळालं त्याचं नेमकं काय करायचं ते तिला कळेना. तिने आवाज परत मोठा केला. पुढचा भाग सुरू झाला होता, आणि दोघींनी तो शेवटपर्यंत पाहिला.

त्यानंतर तिने हट्टाने मूळ शेरे स्वतः वाचायला मागितले. सुपरवायझरने तीन आठवडे ते न चुकता तिच्या टेबलावर ठेवले, मग विसरू लागला. मालिका संपली. पुढच्या मालिकेत विशीपलीकडचं कुणी नव्हतं, रेघाताईच्या वाट्याला धूर आणि ढिगारे आले.

पावसाळा सरल्यावर स्टुडिओत बारा नवी माणसं भरती झाली. सुपरवायझर तिच्याकडे आला. "ताई, तुमची ती पहिली फीत द्याल? यांना शिकवताना दाखवीन. तसं उठणं मी आजवर कुणाचं पाहिलं नाही."

"तेव्हा का नाही बोललास?"

त्याने नव्या माणसांच्या यादीची घडी घातली. "विचारून सांगते," ती म्हणाली.

"कुणाला विचारून?"

तिने घरी जाऊन जाऊबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "नको गं."

"चेहरा तुमचा नाहीये त्यात, वहिनी. कुणाला काही कळणार नाही."

"मला कळतंय ना."

रेघाताईने अर्धी भाजी आपल्याकडे ओढली आणि दात आवळून निवडू लागली. दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सांगितलं की फोन बिघडला, फीत गेली. तो मनापासून हळहळला. मग तिने खुर्ची पुढे ओढली, दिवा लावला आणि ढिगाऱ्याचा कागद हातात घेतला.