कोलशेतचा मांडव

आमच्या डोंबिवलीच्या घरामागे चादरीएवढं परस आहे. हे गेल्यापासून मामंजी, म्हणजे माझे सासरे, आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येईनात. घरात आम्ही दोघंच. त्यांना झाडाशेजारी बसवावं म्हणून परसात एक सावलीचा कोपरा करायचं मनात घेतलं. पुस्तकं चाळली, पण त्यांतल्या बागा साहेबांच्या बंगल्यांच्या. माझ्या मावसबहिणीने, सुशीताईने, कोलशेतच्या वाडीत असा कोपरा केला होता. तोच पाहायला निघाले.

"मामंजी, सुशीताईने सगळं जमवलंय. मांडव तेवढा बघून येते."

एरवी ते "जपून जा" म्हणतात. त्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवलं. वाटभर तेच टोचत राहिलं. झाकून ठेवलेलं जेवण तरी घेतील का?

ठाण्याला उतरून टांगा केला. तुम्ही जाल तेव्हा भाव आधीच ठरवा आणि पाणी बरोबर घ्या, तिकडच्या विहिरी मचूळ. मिठागरं लागली तसा टांगेवाला थांबला.

"बाय, आता पायी. माजा घोरा काय होडी हाय?"

सुशीताईचा कोपरा मुद्दाम केलाय असं वाटतच नाही. चिंचेची फांदी आडवी आली, तर तिने फांदी न तोडता वाट वाकवली. खांब पांगाऱ्याचे, पुरले तेच फुटले. वर दुधीचा वेल, बसायला जागेवरचाच धोंडा. पश्चिमेला कूड, खाडीच्या वाऱ्याची बाजू मोकळी. तिथे बसूनही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मामंजींचं सांगितलं, तशी ताई हसायला लागली.

"अगं वेडे, मांडव म्हणालीस? दिवाळीत त्यांच्यादेखत मी तुला स्थळ सुचवलं होतं ना!"

पांगाऱ्याच्या फांद्या काखेत मारून मी तशीच निघाले. म्हातारा माणूस कुठे निघून गेला असला तर?

मामंजी ओट्यावर बसले होते. शेजारी माझी ट्रंक, तिच्यावर माझ्या पाटल्या.

"तुझं तुला बांधून ठेवलंय," ते म्हणाले. "मी आड येणार नाही, सूनबाई. एवढंच सांग, माणूस मायाळू आहे ना?"

"मामंजी, दुधी आहे हो, दुधी! दुधीचा मांडव!"

"दुधी?" ते माझ्याकडे, मग फांद्यांकडे बघत राहिले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मग डोळे पुसावे लागले. दोघांनाही.

आता पांगारा फुटलाय. मामंजी सकाळी तिथे बसतात, वेल वाकडा गेला की मला हाक मारतात. तुम्हीही असा कोपरा कराल तर झाड राखून वाट काढा, आणि घरच्यांना 'वेलाचा मांडव' असं पुरतं सांगा.

ट्रंक मी आत नेऊन ठेवली. लुगड्यांच्या घड्या त्यांनी घातलेल्या, सगळ्या वेड्यावाकड्या. त्या मी अजून मोडलेल्या नाहीत.